मोटरीला एक रिंग

धर्मराजनं गच्चीवर खुर्ची टाकली, चष्मा पुसला आणि मोबाईलवर ‘मोटर’ या नावावर बोट ठेवलं. एक रिंग गेली तसा त्यानं फोन कट केला, खिशात टाकला आणि खिशावर हात ठेवून बसून राहिला. थोड्या वेळानं फोन एकदाच वाजून थांबला.

"झाली चालू," तो म्हणाला. "इथं जुन्या जालन्यात बसून राजूरच्या मोसंबीला पाणी देऊन राह्यलो. कोणाची हाजी हाजी न्हाई."

"बिलकुल," त्याची बायको दुर्गाबाई म्हणाली आणि हरभऱ्याची भाजी निवडायला मान खाली घातली.

एक रिंग दिली की मोटर चालू, दोन दिल्या की बंद. चालू झाली की तिकडून उलटी रिंग येणार. दिवाळीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि धर्मराज लेकाकडे, भारतकडे राहायला आला, तो रानातल्या या मोबाईल स्टार्टरच्या जोरावर. भारत म्हणत होता, बाग बटईनं, अर्ध्या वाट्यानं देऊन टाकू. धर्मराजनं त्याला बजावलं होतं, "ज्या दिवशी मोटर माझं ऐकायची न्हाई, त्या दिवशी मी हा गुडघा घेऊन रानात जाऊन बसन." आणि हा माणूस बोलला म्हणजे करणारच, हे दुर्गाबाईला पक्कं ठाऊक.

आता खरं सांगायचं तर मोटर त्याचं ऐकतच नव्हती. तो जालन्याला आला त्याच आठवड्यात व्होल्टेज वाढलं आणि मोबाईलचा स्टार्टर जळून गेला. धूर दिसला तो शेजारच्या रानातल्या कचरूला. कचरू म्हणजे धर्मराजचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांचा बांध एक, विहीर एक, पण धर्मराजच्या लेकीच्या, राजनंदिनीच्या लग्नापासून बोलणं बंद. त्या लग्नात टॉवेल-टोपीच्या मानासाठी माईकवर अख्ख्या गावाची नावं पुकारली गेली. सोयरे झाले, सरपंच झाला, मंडपवालासुद्धा झाला. नवरीच्या सख्ख्या चुलत्याचं नाव तेवढं राहिलं. नावं धर्मराजच सांगत होता. गडबडीत विसरला बिचारा, पण चूक कबूल करील तो धर्मराज कसला!

कचरू न जेवता मांडवातून गेला. "दादा सोताच्या तोंडानं माझं नाव घेईल, तवाच बोलंन," असं त्यानं दुर्गाबाईला सांगितलं होतं.

तरी धूर पाहिल्यावर त्यानं वहिनीलाच फोन केला. ती रडकुंडीला आली. नुकतेच टाके काढलेला माणूस रानात निघाला तर काय करायचं?

"रडू नका, वहिनी," कचरू म्हणाला. "त्याच्या फोनात माझा नंबर टाका. रिंग आली की मी जाऊन हातानं बटन दाबीन. पण माझं नाव काढायचं न्हाई."

धर्मराज आंघोळीला गेला, तेवढ्यात तिनं ‘मोटर’ नावाखालचा नंबर बदलून टाकला. त्याला काय कळणार? त्याला स्वतःचा नंबरसुद्धा पाठ नव्हता. रिचार्जवाल्यानं विचारला की तो बायकोच्या तोंडाकडं बघायचा.

तेव्हापासून तो मोटर चालवायचा आणि दुर्गाबाई त्याला चालवायची.

चतुर्थीला कचरू राजूरच्या गणपतीला जाई. त्या दिवशी उलटी रिंग दुपारी येई. "मशीन लईच देवभोळी निघाली," धर्मराज म्हणायचा. चहाला जरा उशीर झाला तर भांडी आपटणारा हा माणूस मशीनवर कधी चिडला नाही. कडाक्याच्या थंडीत तर म्हणायचा, "ऊन पडू दे, मंग देऊ रिंग. मशीनला गारठा लागतो." त्याचा भोळेपणा बघून दुर्गाबाईला माया दाटून यायची.

संक्रांतीला मात्र दोन दिवस उलटी रिंग आलीच नाही. कचरू तापानं फणफणला होता. धर्मराजनं ताटाला हात लावला नाही.

"दोन दिवसांत बाग वाळत न्हाई हो," दुर्गाबाई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी फोन एकदा वाजला, तेव्हा कुठं तो भाकरीला बसला.

भारतला हे बघवलं नाही. त्यानं मिस्त्री पाठवून रानात नवा स्टार्टर बसवून घेतला. रविवारी वडिलांच्या फोनातला जुना नंबर काढून त्यानं नवा टाकला. दुर्गाबाईच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. चोरी पचली होती.

"द्या रिंग, अण्णा," भारत म्हणाला.

धर्मराजनं बोट ठेवलं. फोन खिशात टाकायच्या आतच एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, मोटर चालू झाली आहे.

"जल्दी हाय ना?"

"हाय. बराबर हाय." धर्मराज फोनकडं बघत राहिला. "उद्या चतुर्थी. उद्यापण अशीच लागंल?"

"कधीपण लागंल. हिला काय सणवार?"

"आन् जुना नंबर?"

"उडवला. त्याचं काय काम आता?"

भारत खूश होऊन खाली गेला. धर्मराजचा चेहरा मात्र उतरला होता. फोन हातात, पण खिशावर ठेवायच्या हाताला काही कामच उरलं नव्हतं. त्याच्याकडं बघून दुर्गाबाईचं काळीज हललं. सगळं खरं सांगून टाकावं, असं तिच्या अगदी तोंडाशी आलं.

तेवढ्यात त्यानं चष्मा काढून ठेवला आणि एकेक आकडा दाबत, कुठंही न अडखळता, अख्खा नंबर लावला. एक रिंग गेली. त्यानं कट केला नाही. दुसरी गेली, तिसरी गेली. मग तिकडून फोन उचलला गेला, पण कोणी काही बोललं नाही.

"कचरू," धर्मराज म्हणाला, "संक्रांतीला दोन दिवस रिंग दिली न्हाईस. आजारी पडल्तास का रे?"