थांबायला सांगा

सकाळी सव्वाअकराला ट्रॉली आली. तीन नंबरच्या खाटेला ती चिकटवून लावण्यात आली आणि सिस्टरने हिरवा गाऊन उशीवर ठेवला.

खाटेवर कोणी नव्हतं. तीन नंबरची बाई खिडकीचे गज धरून उभी होती. कळ ओसरली. मग मान वळवून म्हणाली, "ही कोणासाठी?"

"तुमच्यासाठी. सिझरला घेतायत."

"कोणी ठरवलं?"

"डॉक्टर मॅडमनी. घरच्यांशी बोलणं झालंय." सिस्टर गाऊनच्या नाड्या सोडवू लागली.

घरचे दारातच होते. पुढे नवरा, त्याच्यामागे थर्मास घेतलेल्या सासूबाई.

बाई बसमध्ये कंडक्टर होती. हलत्या गाडीत दिवसभर उभं राहायची तिला सवय, त्यामुळे कळाही ती उभ्यानेच घेत होती. पहिलं मूल पायाळू होतं, म्हणून पोट कापावं लागलं होतं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. या वेळी डोकं खाली होतं. कळा आपल्या आपण आल्या तर नैसर्गिक बाळंतपणाचा प्रयत्न करू, असं मॅडमनीच सांगितलं होतं. कळा आपल्या आपण आल्या होत्या.

"मला कोणी विचारलं नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

"तुला कळा चालू होत्या. अशा वेळी काय विचारायचं?"

"पोट कोणाचं आहे?"

"अगं, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं."

"कळत असेल. तोंड मलाही आहे."

मॅडम हात पुसत आत आल्या. खोलीत काय चाललंय ते त्यांना विचारावं लागलं नाही.

"बाळाचं काही बिघडलंय का?" बाईने विचारलं.

"नाही. ठोके उत्तम आहेत."

"माझं?"

"तुमचंही छान चाललंय."

"मग?"

मॅडम खाटेच्या कडेवर टेकल्या. "हे बघा, जुना व्रण उकलू शकतो. क्वचित होतं, पण झालं तर मला लगेच पोट उघडावं लागेल. त्यासाठी भूल देणारे डॉक्टर इथे हवेत. ते आत्ता दुसऱ्या एका ऑपरेशनला आलेत. ते झालं की निघतील. दुपारी तुम्हाला काही झालं, तर मी कोणाला बोलवू?"

"आलेच आहेत, तर उरकून घेऊ," सिस्टर म्हणाली. "एका फेरीत दोन केसेस होतात. नेहमी तसंच करतो आपण."

"उरकून टाकायला मी काय खरकटी भांडी आहे?"

सिस्टरने गाऊन पुन्हा उशीवर ठेवला.

"मग त्यांनाच थांबायला सांगा," बाई मॅडमना म्हणाली.

मॅडम थकल्यासारखं हसल्या. "ते थांबत नाहीत."

"विचारलंत?"

मॅडमनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने गाऊनकडे.

"इतक्या वर्षांत कधी थांबले नाहीत."

"कोणी विचारल्यावर थांबले नाहीत, की कोणी विचारलंच नाही?"

"त्यांना आणखी चार ठिकाणी जायचं असतं. उगीच दुखावले, तर पुढच्या वेळी बोलावल्यावर यायचे नाहीत. मग एखादी खरंच अडलेली बाई आली तर?"

"म्हणजे त्यांना दुखवायचं नाही, म्हणून मला कापायचं."

"असं नाही हो ते."

"मग कसं आहे?" बाईचा आवाज चढला नव्हता. "मॅडम, एक माणूस धावत येताना दिसला, तर भरलेली गाडी थांबवते मी. ड्रायव्हर शिव्या घालतो. घालू दे. घंटी मारायची असते."

पुढची कळ आली. तिने गज धरले, कपाळ मनगटावर टेकलं. कळ जाईपर्यंत चौघंही तिच्या पाठीकडे बघत राहिले. ती सरळ झाली तेव्हा ओठावर दातांचे वण होते.

"जा," ती नवऱ्याला म्हणाली. "तू विचारून ये."

"अगं, एवढा मोठा माणूस. असं कसं तोंडावर विचारायचं?"

सासूबाईंनी थर्मास खाटेवर ठेवला.

"कापून घेऊ दे, मोकळी होईल बिचारी, असं मघाशी मीच म्हणाले," त्या मॅडमना म्हणाल्या. "मला वाटलं, काहीतरी अडलंय. एका माणसाला घाई आहे म्हणून कापताय, हे तेव्हा नाही बोललात." मग मुलाला म्हणाल्या, "सरक. दार अडवून उभा राहायला बरं जमतं तुला."

"आजी, तिकडे आत जाता येत नाही," सिस्टर म्हणाली.

"बाहेर तर येतील ना कधी?"

त्या गेल्या. सिस्टरने ट्रॉलीकडे पाहिलं, मग मॅडमकडे. मॅडमनी नुसती मान हलवली. त्याचा अर्थ 'थांब' की 'तयारी कर', ते सिस्टरला कळलं नसावं. तिने गाऊनची घडी घातली आणि हातातच धरून ठेवली.

थोड्या वेळाने खिडकीखाली आवारात भूलवाल्या डॉक्टरांची राखाडी गाडी फाटकाकडे तोंड करून उभी होती. इंजिन चालू होतं. सासूबाई बॉनेटवर हात ठेवून गाडीपुढे उभ्या होत्या आणि काचेतून आतल्या माणसाशी काहीतरी बोलत होत्या. गाडीचा हॉर्न वाजला. त्या हलल्या नाहीत. पुन्हा वाजला.

"डॉक्टरांना आत काही ऐकू जात नसेल," गज न सोडता बाई म्हणाली. पुढची कळ सुरू झाली होती. "फोन लावा, मॅडम."

मॅडम तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. मोबाइल त्यांच्या हातात होता आणि भूलवाल्या डॉक्टरांचा नंबर पडद्यावर. त्यांनी अजून तो लावला नव्हता.