रेंज आली तेव्हा

देवमनने सवयीप्रमाणे फ्यूज काढून खिशात टाकला. चाळीस वर्षं विहिरीवरच्या मोटरी दुरुस्त करणारा माणूस. फ्यूज खिशात पडल्याशिवाय पंपाला हात लावत नसे.

"लाव परत," अर्हम म्हणाला. फोनवरून मोटर चालू-बंद करणारं ॲप त्याच्या वाशिमच्या कंपनीचं, आणि ते बघायला मेडशी गावचे दहा-बारा शेतकरी शेताच्या धुऱ्यावर जमलेले. "फ्यूजच काढा लागला, तं आपलं ॲप काय कामाचं?"

"आदत आहे, शेठ," म्हणत देवमनने फ्यूज लावला.

वर्षाराणीने पिशवीतला कागद चाचपला. ॲप तपासायचं काम तिचं. नुसती बटणं दाबून तिचं समाधान होईना, म्हणून आत काय कशाला जोडलंय त्याचं तिने त्या कागदावर चित्र काढलं होतं. फोनचा हुकूम थेट मोटरीला जातच नाही. तो आधी सर्व्हरवर जातो आणि मोटरीच्या डब्यातल्या सिमकार्डाला रेंज नसेल तर तिथेच ताटकळतो. फोन मात्र 'झालं' म्हणून मोकळा! चित्रावर सही करून खाली तिने चाचणी लिहिली: रेंज तोडा, 'चालू' दाबा, 'बंद' दाबा, रेंज जोडा. अर्हमने त्या ओळीवर काट मारली होती. "बटणं दाब. नकाशे कायले काढून राह्यली?"

आता त्याने 'चालू' दाबलं. मोटर ढिम्म. शेतकरी हसले. त्याने चिडून 'बंद' दाबलं. फोनवर आलं, मोटर बंद.

"पट्टा अटकला असन. पाह्य रे, देवमन."

"सर, फ्यूज..." वर्षाराणी म्हणाली.

"लोकांसमोर नको," तो पुटपुटला. ती दोन पावलं मागे सरली. नोकरी प्यारी होती, खोटं कशाला बोला?

देवमनचा हात पट्ट्याखाली गेला आणि मोटरीला रेंज आली. ताटकळलेलं 'चालू' आधी पोचलं. मागून 'बंद' यायला चार सेकंद लागले. तेवढ्यात तीन बोटं गेली.

शेतकरी त्याला जीपमध्ये घालून घेऊन गेले. अर्हमने हात पुढे केला. "तो कागद दे."

आता तरी वाचेल, असं वाटून तिने पिशवीतून काढून दिला. त्याने तो खरंच वाचला, अगदी सावकाश.

"म्हणजे तुले सारं मालूम होतं. तरी त्याले हात घालू देल्ला तुनं."

मग त्याने काट मारलेली ओळ दुमडून मागे घेतली आणि चित्रावरची वर्षाराणीची सही नीट दिसेल असा फोटो काढला.