टिपकागदावरचे देश

पंखा कुणी लावला, हे विचारायची सोयच नव्हती. तिनेच लावला होता. पुसलेली फरशी लवकर वाळावी म्हणून बटण दाबलं, आणि टेबलावरचे बारा देश एकदम उडाले.

ती मटकन खाली बसली. पाकिटांवरून भिजवून सोडवलेली, बारा टिपकागदांवर वाळत घातलेली पोस्टाची तिकिटं खोलीभर झाली होती. कपाटाखाली, पायपुसण्यावर, तिच्या केसांत. प्रत्येक टिपकागदावर नवऱ्याच्या टोकदार अक्षरात देशाचं नाव आणि खाली तिकिटांचा आकडा. आज संध्याकाळी ती तिकिटं अल्बममध्ये चढायची होती. त्याआधी पाच वाजता नवरा निवृत्त पोस्टमास्तरांना ती दाखवायला घेऊन येणार होता. तीन वाजून गेले होते.

नवरा वजनमापं तपासणारा अधिकारी. बाजारात त्याला बघून दुकानदारांची बोबडी वळायची आणि घरात हिची. तो हात उगारायचा नाही, आवाजही चढवायचा नाही. थंडपणे निर्णय तेवढा सांगायचा. तीन वर्षांपूर्वी तिने अल्बम खिडकीत ठेवला आणि उन्हाने दोन पानं वाकली. त्याने तिचं माहेरी जायचं आरक्षण रद्द केलं. आई आजारी होती. ती पुढच्या आठवड्यात पोचली तेव्हा आई नव्हती.

आणि उद्या सकाळी तिला पुन्हा निघायचं होतं. धाकट्या बहिणीचे दिवस भरत आले होते, डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं, आणि बहिणीजवळ दुसरं कुणी नव्हतं. आरक्षणाचा कागद नवऱ्याच्या खिशात होता.

तिने चिमटा उचलला. हात इतका कापत होता की पहिलंच तिकीट दोनदा निसटलं. इंग्रजी अक्षरं तिला वाचता यायची, पण हे मेले देश आपलं नाव सरळ लिहितील तर ना! ‘हेल्वेटिया’चा कागदच दिसेना. हेल्वेटिया म्हणजे स्वित्झर्लंड, हे तिला कोण सांगणार? ‘ह’ बघून तिने ती तिकिटं हंगेरीवर ठेवली. हंगेरीची खरी तिकिटं ‘मग्यार’ म्हणत होती, ती मादागास्करला गेली. स्वित्झर्लंड रिकामंच राहिलं, तिथे उरलंसुरलं टाकून आकडा भरला. मध्येच जिन्यात पावलं वाजली आणि तिने चिमटा पदराखाली लपवला. वरच्या मजल्यावरची बाई होती.

साडेचारला अकरा कागद भरले. नॉर्वेत एक कमी. तिने कपाट सरकवलं, केर उपसला, स्वतःचा पदर झटकला. शेवटी फरशी पुसायच्या बादलीत एका दाढीवाल्या राजाचा निळा लगदा सापडला.

संपलं, ती मोठ्याने म्हणाली. आता बहीणही गेली.

तेवढ्यात फडताळातला डबा दिसला. नणंदेने परदेशातून पाठवलेल्या बिस्किटांचा. झाकणावर तिकिटाएवढंच निळं लेबल, दातेरी कडांचं, वर मुकुट घातलेला दाढीवाला म्हातारा. तिने चहाचं आधण ठेवलं आणि वाफेवर ते अलगद सोडवलं. खाली बारीक अक्षरं होती, ती वाचायला वेळ नव्हता. कुलपात किल्ली फिरली तेव्हा म्हातारा नॉर्वेत नुकताच टेकला होता.

“हात कुणी लावला?” नवऱ्याने बूट काढायच्या आतच विचारलं. एक टिपकागद तिरका होता. त्याच्यामागून पोस्टमास्तर आत आले.

“पुसताना… धक्का लागला जरासा.”

तो खुर्ची ओढून एकेक कागद मोजायला बसला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्याचं बोट बघत होती. हंगेरी, चौदा. मादागास्कर, नऊ. स्वित्झर्लंड, अकरा. नॉर्वे, सोळा.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “बसा पोस्टमास्तर. एकूण एक देश जिथल्या तिथे आहे.”

पोस्टमास्तरांनी खिशातून भिंग काढलं. हंगेरीपाशी ते थांबले. मादागास्करपाशी जास्त वेळ थांबले. नॉर्वेवर भिंग खिळलं आणि ते बारीक अक्षरं वाचू लागले. त्यांचे ओठ हलताना तिला दिसत होते. तिच्या हातातल्या कपबशा खडखडायला लागल्या. पोस्टमास्तरांनी मान वर केली. तिचा ओला पदर बघितला, काळजीने पांढरा पडलेला चेहरा बघितला. मग फडताळातला डबा, आणि त्याच्या झाकणावरचा कोरा चौकोन.

“वहिनी, चहा ठेवा तो, सांडेल,” ते हळूच म्हणाले. मग नवऱ्याकडे वळले. “साहेब, हे निळं कुठून मिळवलंत?”

नवऱ्याने लेबल चिमट्यात धरून उजेडात फिरवलं. “हे? चार वर्षं मागावर होतो याच्या. सगळ्यांच्या नजरेत येत नाही. अभ्यास लागतो.”

“लागतोच,” पोस्टमास्तर गंभीरपणे म्हणाले. “असं तिकीट मी आजवर कुणाच्या अल्बमात पाहिलेलं नाही.”

ती नवऱ्याकडे बघत राहिली. एवढी वर्षं ती कुणाला घाबरत होती, ते तिने आज पहिल्यांदाच नीट पाहिलं.

सकाळी दारात त्याने आरक्षणाचा कागद पुढे केला. “पंधरा दिवस. सोळावा चालणार नाही.”

तिने कागद घेतला. हात अजिबात कापला नाही.

“बघू,” ती म्हणाली.