मराठी अगदी कच्चं

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सुनेनं सासूबाईंशी धडधडीत खोटं बोलायचं ठरवलं.

"आई, आमच्या दुकानातले एक जण मराठी शिकायला येणारेत. दोन महिन्यांनी महाराष्ट्रात प्रवासाला निघालेत. पाणी कुठे मिळेल, गाडी किती वाजता सुटते, एवढं आलं तरी पुरे म्हणतात."

सासूबाई भिंतीकडे बघत बसून राहिल्या. मुलगा गेल्यापासून सात महिने त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. घशात काही दोष नाही, पण आता बोलल्या नाहीत तर बोलणं कायमचं जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या परक्या गावात मराठी बोलणारं तेवढंच घर. सून तर नवऱ्यासाठी धड रडलीही नव्हती. आधी आईंना बोलतं करायचं, मग बाकीचं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

सासूबाईंनी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं होतं. समोर विद्यार्थी बसला की त्यांना गप्प राहवणार नाही, हा सुनेचा होरा.

विद्यार्थी म्हणजे ती ज्या चष्म्याच्या दुकानात हिशेब बघायची, तिथला काचा घासणारा कारागीर. बाप त्याच गावचा, आई मराठी. रंगरूप सगळं बापाचं, भाषा आईची. आई वारल्यापासून मराठीत बोलायला त्याला कुणी उरलं नव्हतं.

"येत नसल्याचं सोंग जमेल ना?" सुनेनं त्याला विचारलं होतं.

"आई म्हणायची, माझ्या पोटात काही राहत नाही. बघतो."

तो आला तेव्हा सून स्वयंपाकघरात पाणी ओतत होती. बाहेर धाडकन आवाज झाला. तांब्या घेऊन ती धावत आली. दारातलं लाकडी स्टूल आडवं पडलेलं, हा गुडघा धरून उभा, आणि सासूबाई त्याच्याकडे टक लावून बघतायत.

मग त्यांचे ओठ हलले. "या. बसा."

सुनेनं झटकन स्टूल उचलून त्याच्यासाठी मांडलं.

दर शनिवारी शिकवणी सुरू झाली. सासूबाईंची जुनी सवय परत आली: तास संपला की वहीत शेरा लिहायचा आणि वही कपाटात ठेवून कुलूप लावायचं.

"म्हणा, पाणी मिळेल का?"

"पाणी मिळेला का?"

"मिळेल. तो शेवटचा आ खिशात ठेवा, प्रवासात उपयोगी पडेल."

तो चुका मोठ्या निगुतीनं करायचा. दारातून ऐटीत आत शिरून "मी आली!" म्हणायचा. सून तोंडावर हात दाबून आत पळायची.

"अगं, तू कुठे चाललीस? इथे बस. ह्यांना बोलायला समोर माणूस हवं. भिंतीशी बोलून कुणाला भाषा आलीय?"

"आई, गॅसवर भाजी आहे."

"मग गॅस बंद कर. भाजी पळून जात नाही."

पाणी आणि गाडी तीन आठवड्यांत संपली. मग सासूबाईंनी रोजच्या बोलण्याचे धडे काढले. आज फार दमलेल्या दिसता. तुम्ही बसा, चहा मी करतो. तो अडखळत वाक्य म्हणायचा, सुनेनं उत्तर द्यायचं.

एका शनिवारी प्रश्न होता, "तुम्हाला कुणाची आठवण येते?" सुनेनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिचा बांध फुटला. नवरा गेल्यावर पहिल्यांदाच ती अशी हमसून रडली.

सासूबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "आजचा तास संपला," म्हणाल्या आणि दोघांना तिथेच सोडून गॅलरीत जाऊन बसल्या. बराच वेळ आत आल्या नाहीत.

दुकानात सून त्याला म्हणाली, "आता खरं सांगून टाकू या. म्हाताऱ्या जिवाला फसवायचं म्हणजे पाप वाटतं."

"आणि पुन्हा गप्प झाल्या तर?"

तिनं हिशेबाची वही पुन्हा पुढे ओढली.

दोन महिन्यांनी सासूबाईंनी परीक्षा घेतली. "मराठी अगदी कच्चं आहे. असं बोललात तर स्टेशनवरचे हमालसुद्धा हसतील. प्रवास पुढे ढकला."

त्यानं ढकलला. मग पुन्हा. अशी पाच वेळा परीक्षा झाली, पाचही वेळा तो नापास झाला.

पुढच्या वर्षी सासूबाईच म्हणाल्या, "पास होईपर्यंत थांबलात तर दोघंही कवळ्या लावून लग्नाला उभी राहाल."

लग्न झालं. सासूबाई लेकीकडे राहावं तशा त्यांच्याकडेच राहिल्या. नवराबायकोला मुलगी झाली, तिच्याकडून मुळाक्षरं आजीनं गिरवून घेतली. तो मोठा कारागीर झाला, स्वतःचं दुकान थाटलं. प्रवासाला मात्र कधी गेला नाही. सासूबाईंसमोर शेवटपर्यंत एखादी चूक न विसरता करत राहिला. सासूबाई त्र्याऐंशीव्या वर्षी गेल्या. आदल्या संध्याकाळपर्यंत त्या बोलत होत्या.

महिन्याभरानं सुनेनं कपाटाचं कुलूप काढलं. वहीच्या पहिल्या पानावर, पहिल्या शनिवारच्या तारखेखाली, सासूबाईंच्या वळणदार अक्षरात शेरा होता:

"विद्यार्थ्याचा गुडघा स्टुलावर आपटला. कळवळून 'आई गं' म्हणाला. मराठी उत्तम, शिकवण्यासारखं काही नाही. सूनबाईला बोलायला माणूस हवं. तास चालू ठेवावेत."