तांब्याची टॉर्च

"ही टायटॅनियमची. हलकी, पण उजेड पांढराफटक. आणि ही तांब्याची. जड आहे, उजेड पिवळसर," कारागीर म्हणाला आणि स्वतः लेथवर घडवलेल्या दोन्ही टॉर्च त्याने काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या.

घुबडाने दोन्ही उचलून तळहातावर तोलल्या. रेल्वेचे बोगदे तपासण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती. अंधारात भिंतीवरची केसाएवढी भेगही याच्या नजरेतून सुटत नाही, म्हणून खात्यात सगळे त्याला घुबड म्हणत. सुरुवातीला तो चिडायचा. आता कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर मागे वळूनही बघत नसे.

टॉर्चचा हट्ट बायकोचा. "जी वस्तू दिवसभर खिशात असते ती खात्याने दिलेली टुकार कशाला वापरायची?" असं म्हणत ती स्वतः सोबत आली होती. दुकानाच्या पायऱ्या चढताना तिने त्याचा दंड धरला, तेव्हा त्याला मनातून बरं वाटलं होतं. नव्या नवलाईच्या दिवसांत ती असा धरायची.

दुकान शोधलं होतं त्याच्या कामावरच्या जोडीदाराने. दोघे रोज मिळून बोगदा चालत. घुबड पुढे, जोडीदार चार पावलं मागे, हातात वही. आताही तो तसाच मागे, दाराशी उभा होता.

कारागिराने शटर खाली ओढलं, दिवे मालवले आणि एक करडा पत्रा भिंतीला टेकवला. "यावर चरे आहेत. कुठल्या टॉर्चने जास्त दिसतात ते बघा."

पांढऱ्या उजेडात घुबडाने तीन मोजले. तांब्याच्या टॉर्चने पाच.

"हा पांढरा उजेड बारीकसारीक सगळं गिळून टाकतो," तो म्हणाला. मग बायकोकडे वळला. "तुला किती दिसले?"

"पाचच," ती म्हणाली.

जोडीदाराला कुणी विचारलं नाही.

"मग तांब्याचीच द्या."

"खिशाला भोक पडेल, आधीच सांगतो," कारागीर म्हणाला.

"शिवायला ही आहे की," घुबड म्हणाला. बायको हसली, पण जरा उशिराने. ती अजून पत्र्याकडेच बघत होती.

पुढचे पंधरा दिवस घुबड हवेत होता. कॅन्टीनमध्ये त्याने ती टॉर्च दहा जणांना दाखवली. झोपताना ती उशाशी ठेवायचा. "ही तर माझी सवतच आणली मी," बायको म्हणायची.

या कौतुकात त्याला एक गोष्ट विसरताही आली. महिनाभरापूर्वी मोठ्या बोगद्याच्या छताचा हातभर तुकडा रुळांवर पडला होता. गाडी नुकतीच पुढे गेली होती, म्हणून निभावलं. तपासणी आदल्याच दिवशी झालेली. "भेग काय, एका रात्रीतही पडते," घुबड म्हणाला होता, आणि जोडीदाराने वहीत तेच लिहिलं होतं.

सोळाव्या दिवशी सकाळी साहेबांनी बोलावलं.

"डोळे तपासून घ्या," साहेब म्हणाले. "डॉक्टरांचा अहवाल येईपर्यंत बोगद्यात उतरायचं नाही."

"माझे डोळे? कोण म्हणतं?"

"अर्ज आलाय." साहेबांनी कागद चाळला. "टॉर्चच्या दुकानातल्या पत्र्यावर अकरा चरे होते. तुम्ही पाच सांगितलेत. खरं का?"

त्या अंधारात चारच माणसं होती. कारागिराला घुबडाच्या खात्याशी काही देणंघेणं नव्हतं.

"ही प्रत तुमच्यासाठी. खाली नाव आहे."

"नाव माहीत आहे मला," घुबड म्हणाला आणि कागद घेऊन बाहेर पडला.

जोडीदार सामानाच्या खोलीत हेल्मेट पुसत होता. घुबडाने दार लावून घेतलं.

"माझी जागा हवी होती, तर तोंडाने मागायचीस. दुकान दाखवायच्या बहाण्याने परीक्षा घेतलीस माझी? बावीस वर्षं तुला पाठीशी घेऊन चाललो, आणि तू तिथूनच सुरी खुपसलीस."

जोडीदार हेल्मेट पुसत राहिला.

"तुझ्या बापाच्या आजारपणात तुझी पाळी कुणी केली? बोल ना. की आता वाचाही बसली?"

"मला काय म्हणायचं ते म्हणा," जोडीदार हळूच म्हणाला. "पण इथेच म्हणून मोकळे व्हा. घरी काही नेऊ नका."

"माझ्या घराची काळजी तू नको करूस." घुबडाने कागद त्याच्या छातीवर आपटला. "वाच. प्रत पुसट आहे, मला नीट लागत नाही. तुझं पाप तूच वाच."

जोडीदाराने कागद डोळ्यांसमोर धरला. अक्षरं ठळक होती, काळ्याभोर शाईतली. तो सावकाश वाचू लागला. पत्रा, अकरा चरे, पाच. चहा ओतताना कपाबाहेर जाणारी धार. रस्ता ओलांडताना न दिसलेली सायकल. 'छत कोसळलं त्या दिवसापासून मला झोप नाही. त्यांना विचारलं तर ते कधीच कबूल करणार नाहीत. माझं नाव त्यांना कळलं तरी चालेल, पण त्यांना थांबवा.'

इथे तो थांबला.

"पुढे वाच," घुबड म्हणाला. "सहीपर्यंत वाच."

"राहू द्या, दादा."

"वाच म्हणतो ना."

जोडीदाराने घसा साफ केला. "अर्जदाराचं निरीक्षकांशी नातं," तो म्हणाला, "पत्नी."