मोठीला न विचारता

“माझ्या पापांची क्षमा झालीय. माझं तारण झालंय, याची मला पक्की खात्री आहे,” बारकी चर्चमध्ये माइकसमोर म्हणाली. सगळी मंडळी एका सुरात ‘आमेन’ म्हणाली. तिसऱ्या बाकावरच्या मोठीने तोंड उघडलं नाही. तिच्या अंगाची लाही लाही होत होती.

दोघींचं नाव एकच. नर्सिंग शिकताना वसतिगृहात एका खोलीत राहिल्या, तेव्हा मुलींनी उंचीवरून एकीला मोठी केलं, दुसरीला बारकी. पुढे नोकरीही एकाच वॉर्डात लागली. एकीच्या डब्यातलं दुसरीच्या पोटात, अशी चौदा वर्षं गेली. मग एके दिवशी सात नंबरच्या खाटेचं इंजेक्शन नऊ नंबरला दिलं गेलं. पेशंट मरता मरता वाचला. केसपेपरवर इंजेक्शन देणारीचं नुसतं नाव होतं, आडनाव नाही, आणि ते दोघींचंही होतं. चौकशीत मेट्रनबाईंनी विचारलं, दिलं कोणी? मोठी गप्प बसली. दिलं होतं बारकीने, पण ती आपणहून सांगेल, आपण कशाला चहाडी करा, असं तिला वाटलं. एवढी ती भोळी. बारकीने सरळ तिच्याकडे बोट केलं. त्यानंतर मोठी जीव तोडून बोलली, तर लोक म्हणाले, चोराच्या उलट्या बोंबा.

नोकरी गेली ती गेलीच. अकरा वर्षं झाली, मोठी एका दवाखान्याच्या दारात खुर्ची टाकून पेशंटचे नंबर पुकारते. सुईला हात लावायचा नाही, ही डॉक्टरांची अट. बारकी तिकडे वॉर्डची इनचार्ज झाली. दोन महिन्यांपूर्वी ती या भागात राहायला आली आणि उपासनेलाही इथेच येऊ लागली. जगात दुसरं चर्च नव्हतं जणू! तेव्हापासून मोठी बाजूच्या दाराने निघून जायची. आज मात्र बारकी सगळ्यांसमोर आपल्या तारणाची साक्ष द्यायला उभी राहिली. मी माझ्या मैत्रिणीवर खोटा आळ घेतला, तिचं आयुष्य नासवलं, असं तिने सगळं सांगितलं. नाव तेवढं घेतलं नाही.

मोठीला सगळ्यात जास्त झोंबली ती ‘पक्की खात्री’. ती तिला स्वतःला कधी मिळाली नव्हती. आज डोळे मिटले तर कुठे जाल हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हात वर करा, असं चर्चचे पाळक म्हणायचे. मोठी करायची, बाकीचे करतात म्हणून. आत मात्र धाकधूक असायची. कारण होती तिची आई. अंथरुणाला खिळलेली आई दिवसातून पन्नास हाका मारायची. एका दुपारी तिने हाक मारली तेव्हा मोठी पलीकडच्या खोलीत टक्क जागी होती. पाच मिनिटं पाठ टेकू दे की बाई, असं मनात म्हणून ती पडून राहिली. चहा घेऊन गेली तेव्हा सगळं संपलं होतं. माझा डोळा लागला होता, असं तिने घरच्यांना सांगितलं. देवाजवळ ती खरं तेच सांगून कितीदा रडली. पण जिचा अपराध केला तिने माफ केल्याशिवाय देव तरी कसा करणार, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. आणि आता आईला विचारायला जायचं कुठे?

उपासना सुटल्यावर ती बाजूच्या दाराने गेली नाही. पुढच्या पायऱ्यांवर बायका बारकीचे हात हातात घेऊन तिचं कौतुक करत होत्या. मोठीचा चेहरा पाहून त्या आपसूक बाजूला झाल्या.

“नुकसान माझं झालं,” मोठी म्हणाली. “माफी मात्र तू परस्पर घेऊन आलीस. मला कोणी विचारलं?”

बारकीने मान खाली घातली. तीन वेळा तुझ्या दारापर्यंत येऊन परत गेले, बेल वाजवायचा धीर झाला नाही, असं ती पुटपुटली. मग तिने वर पाहिलं.

“तू मला माफ करशील असं वाटत नाही गं. नाही केलंस तरी बरोबरच आहे. पण देवाने केलंय. ते मला ठाऊक आहे.”

मोठीला वाटलं, एक सणसणीत ठेवून द्यावी. कसला हा न्याय? आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. जन्मभर एक उपासना न चुकवणारी देवाच्या दाराबाहेर ताटकळतेय आणि ही आत जाऊन बसली. खोटं बोलत असेल, म्हणून मोठीने तिच्याकडे निरखून पाहिलं. बारकी खोटं बोलताना कशी दिसते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? हा चेहरा तो नव्हता. हिला माफी खरंच मिळाली होती, आणि मोठीची परवानगी कुणी मागितली नव्हती.

भांडायला तिने पुन्हा तोंड उघडलं आणि तिला आईची त्या दुपारची हाक आठवली. ती तिथेच पायरीवर मटकन बसली. बारकी जुन्या सवयीने वाकली आणि तिची नाडी बघू लागली. मोठीने मनगट हिसडून घेतलं.

“हात लावू नकोस. मी काही तुला माफ केलेलं नाही,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. “पण मला न विचारता तुझी सुटका झाली असेल, तर आईला न विचारता माझीही झालीच की गं.”