दुसरी खेप

खैरनार सरांचा पाय मैदानाच्या पांढऱ्या रेघेपाशी येऊन अडखळला.

त्यांचा पिचर वळवी चेंडू फेकत होता झकासच. पण दर फेकीनंतर कपाळावरचा घाम तो ग्लोव्ह घातलेल्या डाव्या हातानं कसाबसा पुसायचा. ते सरांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. याच डावात ते एकदा त्याच्यापाशी जाऊन आले होते. "कोपर दुखतंय का रे?" विचारल्यावर पोरगा हसला होता, "छे सर, ठणठणीत!" आता कोच दुसऱ्यांदा रेघ ओलांडून गेला, की बेसबॉलच्या नियमानं पिचर बाहेर. आणि लीगची फायनल जिंकायला दोनच गडी बाद करायचे राहिले होते.

"मागं फिरा!" संघाचा मॅनेजर ओरडला. "उद्यापासून घरी बसायचंय का?"

सरांनी स्वतःचं उजवं कोपर चोळलं. तरुणपणी एका सामन्यात वाकलं, ते पुन्हा सरळ झालंच नव्हतं. तेव्हा त्यांनीही 'ठणठणीत' म्हटलं होतं, आणि त्यांचे कोच बाकावरून उठले नव्हते.

सरांनी रेघ ओलांडली. प्रेक्षकांनी शिव्यांची लाखोली वाहिली.

"का आलात सर? जिंकलो असतो ना!" वळवीचे डोळे भरून आले.

"चेंडू दे."

आपल्या भित्रेपणापायी पोराचं वाटोळं तर केलं नाही ना? सरांनी तळहात पुढं केला.

सरांना पाण्याचा ग्लासही कधी डाव्या हातानं न देणाऱ्या त्या पोरानं ग्लोव्हमधला चेंडू डाव्या हातानंच पुढं केला.

उजवा त्याला उचलताच येईना.